फोलपटांची साक्ष

कॉकाटील घ्यायला निघालेला माणूस दुकानात साधारण तीन गोष्टी विचारतो: रंग कोणते आहेत, हा बोलेल का, आणि यातला सगळ्यात लहान कोणता? पक्ष्यांच्या दवाखान्यात इतकी वर्षं काम केल्यावर माझं मत असं झालं आहे, की पहिले दोन प्रश्न निरुपद्रवी आहेत, पण तिसरा पक्ष्याच्या जिवावर बेततो. सगळ्यात लहान कोणता हे विचारण्याऐवजी स्वतःच्या चोचीनं पोट भरणारा कोणता, हे विचारायला हवं. घरी आणल्यापासून पहिल्या महिन्यात जे पक्षी तपासणीच्या टेबलावर येतात, त्यांची दुखणी वेगवेगळी असतात. कुणाच्या छातीत पातळ अन्न गेलेलं असतं, कुणाची गळ्याखालची अन्नपिशवी आंबलेली असते, कुणी नुसता वाळलेला असतो. मात्र मागे जात जात मुळाशी पोचलं, की बहुतेकांची गोष्ट एकच निघते. ज्या पिल्लाला अजून खाता येत नव्हतं ते विकलं गेलं आणि ज्यांना भरवता येत नव्हतं त्यांनी ते घेतलं.

दुकानांत याला सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात. पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, तिथल्या कोरड्या अंतर्भागातला, काकाकुवाच्या कुळातला सगळ्यात छोटा. वजन ८० ते १०० ग्रॅम, लांबी फूटभर, त्यातली निम्मी शेपटी. रानात हे पक्षी थव्यानं फिरतात, पाणी आणि गवताचं बी असेल तिकडे मुक्काम हलवतात आणि खायला उघड्या जमिनीवर उतरतात. उघड्यावर खाणारा प्राणी कायम शिकार होण्याच्या बेतात असतो. त्यामुळे दचकणं, थव्याकडे बघून वागणं आणि आजार अंगावर दिसू न देणं या तिन्ही गोष्टी त्याच्या हाडीमासी असतात. पुढे जे सांगायचं आहे ते सगळं यातूनच निघतं. आपल्याकडे तो इतका पसरला त्याचं एक कारण कायद्यातही आहे. आपला राघू १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पाळता येत नाही. कॉकाटील परदेशी, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला, आणि ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांतूनही वगळलेला, म्हणून त्याच्या नोंदणीची भानगड नाही. राघूची हौस कॉकाटीलवर भागवली जाते, आणि हौसेबरोबर राघूबद्दलच्या समजुतीही त्याच्या गळ्यात पडतात. अगदी लहानपणी हातात आला तरच माणसाळतो, ही त्यांतली सगळ्यात महागात पडणारी.

पिल्लू वाढतं कसं ते पाहू. अंडी उबायला १८ ते २१ दिवस लागतात. नर-मादी दोघंही उबवतात, दिवसा बहुधा नर आणि रात्री मादी. चार-पाच आठवड्यांत पिल्लू घरट्याबाहेर येतं. बाहेर आलं, पिसं आली, उडायला लागलं, म्हणजे मोठं झालं असं आपल्याला वाटतं. पण त्यानंतरही कित्येक दिवस आईबाप त्याला भरवतात. त्यांच्या शेजारी बसून, त्यांचं बघून ते बी सोलायला शिकतं. पूर्णपणे स्वतःच्या जिवावर जगायला साधारण आठ ते दहा आठवडे उजाडतात. बाजारात ‘हँडफीड’ म्हणून जे मिळतं ते दोन-तीन आठवड्यांचं असताना घरट्यातून काढलेलं असतं आणि बऱ्याचदा चौथ्या-पाचव्या आठवड्यातच गिऱ्हाइकाच्या हाती जातं. सोबत पावडरीची पुडी, एक सिरिंज आणि ‘दिवसातून तीनदा द्या’ एवढी सूचना. हे भरवणं किती काटेकोर काम आहे याची कल्पना सिरिंज हातात घेणाऱ्याला नसते. खीर ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असावी लागते. ती गार झाली तर पिशवीत साचून आंबते, आणि दोन-चार अंशांनी जास्त झाली तर पिशवीचं अस्तर भाजतं, जे कधीकधी आठवड्याभरानं छातीवर भोक पडल्यावरच कळतं. सिरिंजचा जोर चुकला की अन्न श्वासनळीत जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी कॉकाटीलच्याच पिल्लांवर प्रयोग करून त्यांच्या वाढीला साधारण २० टक्के प्रथिनांचा आहार लागतो असं दाखवलं. आपल्याकडे पुडी संपली की कणकेची पेज, दूध-बिस्किट किंवा तान्ह्या बाळांचं डब्यातलं अन्न सुरू होतं. पक्ष्याला दूध पचत नाही, हे सांगितल्यावर लोकांना खरोखर आश्चर्य वाटतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो आणि तो खोटा नाही. हातानं भरवलेला पक्षी अंगाखांद्यावर खेळतो, आईबापांनी वाढवलेला हाताला चावतो. दुकानदार हेच सांगतो, आणि दुकानातलं दृश्यही त्याचीच बाजू घेतं: पिल्लू बोटावर चढतं, मान वरखाली करतं, किरकिरा आवाज काढत तोंड पुढे करतं. बघणारा विरघळतो. पण ती किरकिर म्हणजे भूक. कोणतंही उपाशी पिल्लू समोर हलणाऱ्या कशाही पुढे तेच करेल. आता माणसाळण्याचा प्रश्न. ते भरवण्यामुळे होतं की रोज हाताळण्यामुळे, हे वेगळं काढून बघता येतं, आणि डेव्हिसमध्येच ते बघितलं गेलं. नारिंगी पंखांच्या अ‍ॅमेझॉन पोपटांची पिल्लं आईबापांकडेच ठेवून, त्यांनाच भरवू देऊन, माणसांनी ती रोज थोडा वेळ फक्त हातात घेतली, तर मोठेपणी ती माणसाला घाबरत नाहीत असं दिसलं. म्हणजे सिरिंजशिवायही काम होतं. तिथलाच १९८८मध्ये प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास थेट कॉकाटीलवरचा आहे. हातानं वाढवलेले आणि आईबापांनी वाढवलेले पक्षी निरनिराळ्या जोड्यांत ठेवून पाहिले, तेव्हा हातावरचे नर घरट्याच्या पेटीत फारसे डोकावत नव्हते, आणि हातावरच्या माद्या अंडी जास्त घालत होत्या पण पेटीत न घालता पिंजऱ्याच्या तळाशी टाकत होत्या. पक्षी लाडाचा होतो, पण पक्षी म्हणून काहीतरी अर्धवट राहून जातं, असा मी त्याचा अर्थ लावतो. एकट्या मादीनं उगाच अंडी घालत राहणं, त्यात अंगातलं कॅल्शियम संपणं आणि शेवटी अंडं अडकणं हे दवाखान्यात नेहमी दिसणारं दुखणं आहे. हातावरच्या वाढीशी त्याचा थेट संबंध या अभ्यासानं सिद्ध होत नाही. पण जोराच्या जाहिरातीकडे सावधपणे बघायला एवढं पुरेसं आहे.

तेव्हा निवडताना हाताकडे न बघता वाटीकडे बघावं. दुकानात दाण्याची वाटी असते, तिच्यावर नजर ठेवून दहा मिनिटं उभं राहावं, जमलं तर सकाळी दाणे टाकायच्या वेळीच जावं. कॉकाटील बी गिळत नाही. ते चोचीत घेऊन जिभेनं फिरवतो, टरफल सोलून बाजूला टाकतो आणि आतला गर तेवढा घेतो. खाणाऱ्या पक्ष्याच्या चोचीच्या कडेला टरफलाचा बारीक तुकडा चिकटलेला दिसतो आणि वाटीत वर फोलपटांचा थर साचतो. नुसता चोच बुडवणारा पक्षीही लांबून खाल्ल्यासारखाच दिसतो, म्हणून वाटीवर हलकी फुंकर मारून बघावी: उडालं ते खाल्लेलं, उरलं ते शिल्लक. हीच फुंकर पुढे घरीही कामाला येते. वरून भरलेली दिसणारी वाटी आत नुसती फोलपटांची असते आणि ‘दाणे आहेत की’ म्हणत घरची माणसं पक्ष्याला उपाशी ठेवतात, हे ऐकायला विचित्र वाटतं पण वरचेवर घडतं. वाटीनंतर पिंजऱ्याचा तळ बघावा. निरोगी विष्ठेत घट्ट हिरवट-तपकिरी वळी, तिच्यावर पांढरी कड आणि भोवती थोडं पाणी असे तीन भाग ओळखू येतात. मग पक्षी हातात घ्यायला सांगून छातीवरून बोट फिरवावं. मधलं हाड दोन्हीकडच्या मांसात बुडालेलं हवं. ते सुरीच्या धारेसारखं बोटाला टोचलं तर पक्षी बरेच दिवस अर्धपोटी आहे. श्वासाबरोबर शेपटी पंपासारखी वरखाली होत असेल, नाकपुड्या ओल्या असतील, दिवसाढवळ्या पिसं फुगवून डोळे मिटून बसला असेल, तर दया येऊन तो घेऊ नये. शेजारच्या पिंजऱ्यातलाही घेऊ नये, कारण यांच्यात सिटॅकोसिस नावाचा आजार असू शकतो आणि तो माणसाला न्यूमोनियासारखा बाधतो.

रंगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. राखाडी हा मूळ रंग. पिवळसर पांढरा ल्युटिनो, ठिपक्यांचा पर्ल, पांढऱ्या तोंडाचा हे सगळे माणसानं निवडून निवडून पुढे आणलेले. ल्युटिनोंच्या काही ओळींत तुऱ्यामागे टक्कल असतं, तो रोग नव्हे. नर की मादी याचं उत्तर लहान पक्ष्यात कुणी छातीठोकपणे देत असेल तर ते मनावर घेऊ नये. राखाडी पिल्लं सगळीच मादीसारखी दिसतात, आणि पहिली पिसं झडून गेल्यावर, म्हणजे सहा महिन्यांनंतर कधीतरी, नराचं तोंड पिवळंधमक होतं. शीळ घालण्यात नर पुढे, बोलण्यात दोघंही राघूच्या मागे.

यावर व्यवहारी आक्षेप असा, की दुकानदार एवढी तपासणी करू देत नाही आणि दहा आठवड्यांचा पक्षी मागितला तर ‘असा मिळत नाही’ म्हणतो. मिळत नाही, कारण कुणी मागत नाही. पिल्लू आणखी महिनाभर ठेवून खायला शिकवण्याचा खर्च आणि त्या काळात दगावण्याचा धोका विक्रेत्यानं उचलायचा, की तो गिऱ्हाइकाच्या अंगावर ढकलून वर ‘हँडफीड’ म्हणून जास्त पैसे घ्यायचे, एवढा साधा हिशोब आहे. २०१८च्या नियमांप्रमाणे प्राणी-पक्षी विकणाऱ्या दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ती विचारली तरी समोरच्याचा सूर बदलतो. दुकानापेक्षा घरी दोन-चार जोड्या ठेवणारा पालक गाठणं मला केव्हाही बरं वाटतं, कारण तिथे पिल्लाचे आईबाप दिसतात आणि ‘तीन आठवड्यांनी येतो, तोवर तुमच्याकडेच राहू द्या’ असं म्हणता येतं. हो म्हणणारा पालक चांगला. शिवाय कुणाची बदली झाली, कुणाच्या घरी दम्याचा त्रास सुरू झाला म्हणून सोडलेले मोठे पक्षीही असतात. मोठा पक्षी लळा लावत नाही हा समज कॉकाटीलला तरी लागू पडत नाही. थव्यात राहणाऱ्या प्राण्याला सोबत लागतेच, आणि समोर दुसरा थवा नसला तर तो आहे त्या घराचाच थवा करतो. त्याला वेळ लागतो, एवढंच. (दम्याचं मात्र लक्षात ठेवावं: या पक्ष्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते आणि काळ्या टीव्हीवर ती दोन दिवसांत दिसते.)

आता स्वागत. आपल्याकडे घरात नवं कुणी आलं की शेजारपाजार गोळा होतो, नाव ठेवलं जातं, फोटो निघतात, पोरं पिंजऱ्याच्या गजांतून बोटं घालतात. उघड्या माळावरच्या त्या पक्ष्याच्या जागी जाऊन बघावं: अनोळखी जागा, थवा गायब, आणि चारी बाजूंनी मोठमोठे डोळे रोखलेले. अशा वेळी तो गोठून बसतो, आणि लोक म्हणतात, किती शांत आहे. शांत नव्हे, तो खायचा थांबलेला असतो. आणि ९० ग्रॅमच्या शरीरात न खाता काढायला फार दिवस नसतात. म्हणून पहिल्या आठवड्याचं सगळं स्वागत त्याच्या खाण्याभोवती असावं. दुकानात जे दाणे होते तेच आणावेत, कितीही हलके असोत. पालक, मेथी, किसलेलं गाजर, पेलेट वगैरे सुधारणा तो रुळल्यावर हळूहळू. राळ्याचं एखादं कणीस पिंजऱ्यात टांगावं, कारण न खाणारा पक्षीही बहुधा त्याला चोच लावतो. तो जमिनीवर खाणारा आहे, तेव्हा थोडे दाणे पिंजऱ्याच्या तळाशी कागदावरही पसरावेत. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा काढून रोज सकाळी खाण्याआधी वजन घ्यावं. हात लावू देत नसेल तर काट्यावर दांडी ठेवून कणसाच्या आमिषानं तिच्यावर चढवावं. वजन दहावा हिस्सा उतरलं तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. आजार लपवणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत काटा डोळ्यांपेक्षा आधी सांगतो.

पिंजरा चौकोनी, पंख पसरता येतील एवढा, एक बाजू भिंतीला टेकलेली. पाठीमागून कुणी येणार नाही एवढी खात्री त्याला पुरते. दांड्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या नकोत. पेरूच्या, जांभळाच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या धुऊन, वाळवून लावल्या की पायाला आराम पडतो. समुद्रफेसाचा तुकडा गजाला अडकवावा. स्वयंपाकघर मात्र वर्ज्य: रिकामा तापत राहिलेला नॉनस्टिक तवा जो धूर सोडतो तो आपल्याला जाणवतही नाही आणि पक्षी काही मिनिटांत जातो. देवघरातली उदबत्ती आणि रात्रीची डासांची कॉइलही त्याच्या खोलीत नको. रात्री दहा-बारा तास अंधार हवा, पण मिट्ट काळोख नको. कॉकाटील रात्री एखादी पाल हलली किंवा रस्त्यावरच्या गाडीचा झोत भिंतीवरून सरकला तरी घाबरून पिंजऱ्यात धडका देतो आणि सकाळी पंखाला रक्त दिसतं. एक छोटा दिवा एवढंच त्यावर पुरतं. उलट झोपण्याआधी तो चोच चोचीवर घासून करकर आवाज काढतो, तेव्हा काळजी करू नये. ते समाधानाचं लक्षण आहे आणि नव्या घरात तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला की बरंच काही जमलं असं समजावं. पिंजऱ्याबाहेर काढायची घाई नको, आणि काढाल तेव्हा खिडकी आणि पंख्याचं बटण हे दोन्ही आधी बघा. छताचा पंखा हा आपल्या घरांतला कॉकाटीलचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. त्यावर उपाय म्हणून पंख कातरून टाका, असं दुकानदार सुचवतो. न उडता येणारा पक्षी दचकल्यावर दगडासारखा पडतो, छातीवर आपटतो. पंख्याचं बटण बंद करणं त्याहून सोपं.

एवढं एकटं सोडलं तर तो रानटीच राहील, ही शंका स्वाभाविक आहे, आणि तिच्यासाठी निसर्गानं त्याच्या डोक्यावरच सोय केली आहे. तुरा सरळ ताठ उभा असेल तर तो सावध किंवा घाबरलेला आहे. तुरा डोक्याला चपटा चिकटवून फिसकारला तर मागे सरा असं सांगतो आहे. सैल, थोडा मागे कललेला असेल तर निवांत. हे वाचत जवळ जायचं. पिंजऱ्याजवळ बसून आपलं काम करायचं, वाचायचं, हळू बोलायचं. तुरा ताठला की थांबायचं आणि तो सैल पडल्यावरच मागे सरायचं, म्हणजे शांत राहिलो तर हा माणूस निघून जातो, हे त्याला कळतं. मग हातात राळ्याचं कणीस. कुणाला चार दिवस पुरतात, कुणाला महिना. हाताच्या मुठीत धरून ‘सवय लावणं’ हा प्रकार मात्र पुढचे सहा महिने वाया घालवतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जड आहे. थव्यानं मैलोगणती भटकणारा पक्षी पिंजऱ्यात ठेवायचाच कशाला? याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. आपल्याकडचे कॉकाटील पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातले असल्यानं ते सोडून देणं म्हणजे कावळ्या-घारींना देणं, हे खरं. पण त्यामुळे नवे घेणं आपोआप योग्य ठरत नाही. घरात दिवसभर कुणी नसेल तर एकटा कॉकाटील घेऊच नये. घ्यायचेच असतील तर दोन घ्यावेत, आणि ते एकमेकांत रमून आपल्याला विचारत नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नये. आधीचा पक्षी असेल तर नव्याला महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवावं आणि पहिल्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवून विष्ठा तपासून घ्यावी. पावसाळ्यात दाणे थोडेथोडेच आणावेत, कारण दमट हवेत धरलेली बुरशी नेहमी दिसतेच असं नाही. नीट खाणारा, नीट ठेवलेला कॉकाटील १५ ते २० वर्षं जगतो. दुसरीतल्या मुलीच्या हट्टासाठी आणलेला पक्षी ती नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेल्यावरही घरात असणार आहे. तेव्हा वाटीतली फोलपटं फुंकायला रोज सकाळी कोण उठणार, हे घेण्याआधीच घरात ठरवून घ्या.